आधी सावली, मग लेझर

एक साधी तपासणी करा. बाही वर सारा आणि दंडाची काखेकडची आतली बाजू नीट न्याहाळा. मग मनगटाच्या वरची, बाहेरची बाजू बघा. दोन्हीकडच्या कातडीचं वय एकच आहे. तरी एक नितळ, एकरंगी. दुसरी रापलेली, कोरडी, बारीक रेघांनी भरलेली. दंडाच्या आत दिसतं ते वयाचं काम. मनगटावर त्याहून जास्त जे काही दिसतं, ते उन्हाचं. आणि चेहरा जन्मभर मनगटाच्याच पंगतीला बसलेला असतो.

२०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात एका ट्रकचालकाचा फोटो छापून आला. वय ६९, त्यातली २८ वर्षं ट्रकवर गेलेली. खिडकीकडचा डावा गाल जाड, लोंबलेला, खोल सुरकुत्यांचा. उजवा गाल जणू धाकट्या भावाचा. तिकडे चालक डावीकडे बसतो. आपल्याकडे असा फरक शोधायचा तर एखाद्या जुन्या एसटी चालकाचा उजवा गाल बघावा लागेल.

हे आधी सांगायचं कारण असं, की मोबाइलवर ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो बघून मराठवाड्यातल्या सेलूहून परभणी, जालना, छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेडच्या त्वचा-दवाखान्याची वाट धरणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘कोणतं लेझर चांगलं?’ प्रश्न चुकीचा नाही, पण तो चौथ्या पायरीवरचा आहे. कातडीचा वरचा थर काढून नवा आणणारे उपचार, म्हणजे पील, सुया आणि लेझर, खरोखर उपयोगाचे आहेत. मात्र सावळ्या रंगाच्या माणसानं मराठवाड्याच्या उन्हात राहून ते करून घ्यायचे, तर क्रम आणि वेळ चुकवून चालत नाही. तो क्रम या लेखात देत आहे.

ऊन नेमकं करतं काय?

उन्हातल्या दोन प्रकारच्या अतिनील किरणांशी आपलं काम आहे. ‘बी’ किरण भर दुपारी तीव्र असतात, वरच्या थरावर काम करतात, कातडी भाजते ती त्यांच्यामुळे. ‘ए’ किरण दिवसभर असतात, ढगांतून आणि खिडकीच्या साध्या काचेतून पार होतात आणि खालच्या थरापर्यंत पोचतात. तिथे कोलॅजन आणि इलॅस्टिन नावाचे तंतू असतात. बाजेची सुंभं ताठ असतात तोवर बाज ताठ. ती सैलावली की बाजेला झोळ येतो. कातडीचं तसंच होतं. तंतू तुटत जातात, नवे तयार होणं मंदावतं आणि आधी बारीक रेघा, मग सुरकुत्या दिसू लागतात. रंगपेशीही बिथरतात, रंग एकसारखा न पसरता ठिकठिकाणी साचतो.

उष्णता आणि किरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही लक्षात ठेवा. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या बराच पुढे जातो, तेव्हा आपण सावध असतो. पण डिसेंबरच्या गार दुपारी रानात सुखद वाटणारं ऊनही कातडीच्या हिशोबात जमा होत असतं. यासाठी सोपं माप आहे: तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल, तर किरण तीव्र आहेत. सेलूत तर मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस असा येतो, की दुपारी उभ्या काठीची सावली क्षणभर नाहीशीच होते. सूर्य अगदी डोक्यावर येणाऱ्या प्रदेशात आपण राहतो.

आधी ओळख, मग उपचार

चेहऱ्यावर काळं दिसलं की त्याला ‘टॅन’ म्हणायची सवय लागली आहे. पण काळपटपणाची कारणं निरनिराळी असतात आणि एकाचा उपचार दुसऱ्याला बाधतो.

*वांग:* दोन्ही गालांवर, नाकावर, कपाळावर तपकिरी चट्टे, बहुतेकदा दोन्ही बाजूंना सारखे. गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या, घरातला वारसा आणि ऊन अशी कारणं एकत्र येतात. चूल किंवा भट्टीसमोरच्या उष्णतेनंही तो वाढू शकतो. वांगावर घाईनं लेझर मारणं ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

*मानेवरची मखमली काळी घडी:* ही घासून निघत नाही, कारण तो मळही नव्हे आणि ऊनही नव्हे. वाढलेलं वजन आणि शरीरात इन्सुलिन नीट काम न करणं ही याची नेहमीची कारणं. इथे पीलच्या आधी साखर तपासा.

*कपाळाच्या कडेला, कानशिलाला पसरणारा काळसरपणा:* केसांना लावायच्या काळ्या रंगाची किंवा ‘काळ्या मेंदी’ची अ‍ॅलर्जी असू शकते. टिकलीच्या जागी काळं किंवा पांढरं पडणं हेही त्यातलंच. कारण थांबवल्याशिवाय कोणतंही मशिन उपयोगाचं नाही.

*बारीक, उठावाचे काळे दाणे:* गालांवर, डोळ्यांभोवती वयानुसार येणारे हे दाणे निरुपद्रवी असतात. ते काढता येतात, पण त्यांचा उपचार निराळा.

*खरं उन्हाचं नुकसान:* कातडी जाडसर, राठ, पिवळसर-तपकिरी. डोळ्यांच्या कोपऱ्यांत आणि ओठांभोवती बारीक रेघा. गालांवर, हातांच्या पाठीवर ठिपके. पुढचे उपचार मुख्यतः यासाठी आहेत.

आणि काही खुणा अशा, की सौंदर्याचा विचार बाजूला ठेवून आधी दाखवायलाच हव्यात: महिनाभरात न भरणारी जखम, आकार-रंग बदलणारा किंवा रक्त येणारा तीळ, आणि स्पर्श न कळणारा, बधिर, फिकट चट्टा. एवढ्यासाठी मोठ्या खासगी दवाखान्यात जायची गरज नाही. छत्रपती संभाजीनगरच्या ‘घाटी’ रुग्णालयात किंवा नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोगाचा बाह्यरुग्ण विभाग आहे. केसपेपर काढून निदान करून घेता येतं.

पहिले तीन महिने: मशिनशिवाय

ऑस्ट्रेलियात नऊशेहून अधिक लोकांवर साडेचार वर्षं एक चाचणी झाली. निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. रोज सनस्क्रीन लावणाऱ्या गटात कातडी म्हातारी होण्याचं प्रमाण, मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी आढळलं. ना सुई, ना लेझर. ही पायरी वगळून केलेला पुढचा कोणताही उपचार म्हणजे गळक्या हौदात पाणी भरणं.

*कापड सर्वांत आधी.* कापूस वेचायला जाणाऱ्या बाया लुगड्यावर घरधन्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतात आणि डोक्याला रुमाल बांधून पदर पुढे ओढतात. कातडीच्या दृष्टीनं ही उत्तम पद्धत आहे. घट्ट विणीचं, गडद रंगाचं कापड पातळ पांढऱ्या कापडापेक्षा जास्त किरण अडवतं. गाडीवर जाताना स्कार्फ बांधत असाल, तर तो दुहेरी घ्या आणि रोज धुवा; घामट कापड गालावर घासूनही काळपटपणा येतो.

*सनस्क्रीन.* एसपीएफ ३० पुरतं. ते ‘बी’ किरण सुमारे ९७ टक्के अडवतं, ५० चं सुमारे ९८ टक्के. म्हणजे आकडा दीडपटीहून जास्त झाला तरी फायदा एका टक्क्याचा. खरा फरक प्रमाणात पडतो. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ काढा. चेहरा आणि मान यांना तेवढं लागतं. आपण बहुतेक याच्या निम्मंही लावत नाही. पाकिटावर ‘पीए’ पुढे तीन किंवा चार अधिकचिन्हं असावीत. ती ‘ए’ किरणांसाठी असतात. बाहेर पडण्याच्या १५-२० मिनिटं आधी लावा आणि उन्हात असाल तर दोन-तीन तासांनी पुन्हा. वांग असेल तर लोह-ऑक्साइड असलेलं, कातडीच्या रंगाचं सनस्क्रीन डॉक्टरांना विचारून घ्या; डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानंही वांग वाढतो आणि रंगहीन सनस्क्रीन तो प्रकाश अडवत नाही.

*रात्रीचं मलम.* उन्हानं आलेल्या सुरकुत्यांवर सर्वांत जास्त अभ्यास झालेलं औषध म्हणजे ट्रेटिनॉइन. मुळात ते मुरुमांसाठीचं. ते लावणाऱ्यांची कातडी नितळ होताना दिसली आणि १९८० च्या दशकात सुरकुत्यांसाठी त्याच्या चाचण्या झाल्या. पूर्ण चेहऱ्याला हरभऱ्याच्या दाण्याएवढं, आठवड्यातून दोन रात्रींपासून सुरुवात, मग हळूहळू वाढवायचं. पहिले काही आठवडे सोलवटल्यासारखं, लालसर होतं. फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात. गरोदरपणात आणि मूल हवं असताना ते लावायचं नाही. अशा वेळी अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिडसारखे पर्याय आहेत. ते डॉक्टर ठरवतील.

तीन महिने एवढं नीट केलं, तर बऱ्याच जणांना पुढच्या पायरीची निकड वाटत नाही. ज्यांना वाटते, त्यांची कातडीही या तयारीमुळे पुढचा उपचार चांगला सोसते.

आपल्या रंगाचा हिशोब

अमेरिकन डॉक्टर थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये ऊन लागल्यावर कातडी भाजते की काळवंडते, यावरून तिची प्रतवारी केली. आज तिचे सहा प्रकार मानतात. आपल्यापैकी बहुतेक जण चौथ्या-पाचव्या प्रकारात बसतात. याचा फायदा असा, की गोऱ्या लोकांपेक्षा आपल्याला सुरकुत्या उशिरा येतात. तोटा असा, की आपल्या कातडीला काहीही इजा झाली, डास चावला, मुरूम फोडला, तव्याचा चटका बसला, की जखम भरते आणि काळा डाग मागे राहतो.

पील, सुया आणि लेझर या तिन्ही गोष्टी म्हणजे मोजूनमापून केलेली इजाच आहे. कातडीला जखम करायची आणि ती भरून निघताना नवी कातडी, नवे तंतू मिळवायचे. म्हणून आपल्याकडे खरा धोका असतो तो सुरकुती न गेल्याचा नव्हे, डाग वाढून परत आल्याचा. गोऱ्या कातडीवरचे व्हिडिओ बघून ‘मलाही तेवढंच जोरात करा’ असा आग्रह धरू नका. कमी ताकद, जास्त बैठका, मध्ये पुरेसं अंतर, हेच आपल्या रंगाला मानवतं.

पील: आम्लाचा मोजका चटका

फळांत, उसात, दुधात सापडणारी सौम्य आम्लं ठरावीक तीव्रतेनं, ठरावीक मिनिटं चेहऱ्यावर लावतात. वरचा मृत थर सुटतो, साचलेला रंग थोडा निघतो. ग्लायकोलिक, लॅक्टिक, मँडेलिक आणि सॅलिसिलिक ही नेहमीची नावं. ग्लायकोलिकची क्रिया ठरल्या वेळी थांबवावी लागते. त्यासाठी सोड्याचं पाणी किंवा तयार द्राव वापरतात. हा वेळ चुकला की कातडी भाजते. ऑनलाइन बाटली मागवून घरी पील करायचं नाही, ते यासाठीच. सॅलिसिलिकच्या आधी अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असल्यास सांगा.

वरवरच्या पीलनं उन्हाचा काळपटपणा, निस्तेजपणा, फिकट डाग आणि अगदी बारीक रेघा यांत फरक पडतो. साधारण दोन ते चार आठवड्यांच्या अंतरानं चार-सहा बैठका लागतात. कपाळावरच्या खोल आठ्या यानं जाणार नाहीत. तसं कुणी म्हणत असेल तर पाकीट खिशातच ठेवा. टीसीए नावाचं आम्ल जास्त खोल जातं. ते अनुभवी हातानंच आणि जपून. फिनॉलच्या खोल पीलनं हृदयाची लय बिघडू शकते आणि आपल्या रंगाला ते मानवतही नाही.

सुया

बारीक निर्जंतुक सुयांनी कातडीला असंख्य सूक्ष्म छिद्रं पाडायची आणि ती भरताना कोलॅजन वाढू द्यायचं, ही मायक्रोनीडलिंगची कल्पना. यात उष्णता नसल्यानं काळं पडण्याचा धोका लेझरपेक्षा कमी. सुयांच्या टोकातून रेडिओलहरींची उष्णता थेट आत सोडणारं यंत्रही आता मोठ्या शहरांत मिळतं. त्याची क्रिया कातडीच्या रंगावर अवलंबून नसते, त्यामुळे सावळ्या लोकांच्या बारीक-मध्यम सुरकुत्यांसाठी तो विचार करण्याजोगा पर्याय आहे. चार ते सहा आठवड्यांच्या अंतरानं तीन ते सहा बैठका धरून चाला. सुयांचं टोक तुमच्यासमोर नव्या पाकिटातून काढलं जातंय का, हे बघणं तुमचं काम. घरी फिरवायचा रोलर आणि तोही मैत्रिणीचा, हे मात्र जंतुसंसर्गाला आवतण आहे.

लेझर: बारामतीपासून

सुरकुत्यांसाठी आजही ज्याचा दाखला देतात, ते कार्बन डायऑक्साइड लेझर १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत तयार झालं. तयार करणारे कुमार पटेल मूळचे बारामतीचे; पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ मध्ये पदवी घेऊन ते स्टॅनफर्डला गेले होते. या लेझरची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर. ती पाणी झटकन शोषून घेतं, आणि कातडीत पाणी भरपूर. त्यामुळे प्रकाश पडतो तिथला थर क्षणात वाफ होऊन उडतो आणि खालच्या तंतूंना ऊब मिळून ते आकसतात, नवे बनतात.

सुरुवातीला या लेझरनं पूर्ण चेहऱ्याचा थर सरसकट काढत. परिणाम जोरदार, पण चेहरा दोन आठवडे ओला, लाली कित्येक महिने. २००४ मध्ये वेगळी युक्ती आली: सरसकट थर काढायचा नाही, सूक्ष्म ठिपके मारायचे आणि मधली कातडी शाबूत ठेवायची. शेतकऱ्याला हे चटकन कळेल. आधीचं लेझर म्हणजे सबंध रानाची नांगरट, हे नवं ‘फ्रॅक्शनल’ लेझर म्हणजे सरकी टोकणं. जिथे टोकलं तिथेच माती हलली. आजूबाजूची अखंड कातडी जखम भरायला मदत करते. खपल्या पाच-सात दिवसांत पडतात.

एर्बियमचं लेझर २,९४० नॅनोमीटरवर चालतं. पाणी त्याला आणखी जोरात शोषतं, त्यामुळे आजूबाजूला उष्णता कमी पसरते. तिसरा प्रकार वरचा थर न फोडता आत ऊब देणारा: परिणाम सौम्य, बैठका जास्त, सुट्टी कमी.

डागांसाठीचं लेझर वेगळं असतं. त्यातलं १,०६४ नॅनोमीटरचं आपल्याकडे सर्रास दिसतं. एकट्या-दुकट्या ठिपक्याला ते चांगलं. पण वांगावर वारंवार मारलं तर काही काळ उजळ दिसून वांग दुप्पट जोमानं परततो, किंवा मध्येमध्ये पांढरे ठिपके पडतात. ‘पॅकेजमध्ये दहा बैठका’ घेण्यापूर्वी हे वाचलं असेल तर बरं.

आणखी एक खुलासा. हसताना, कपाळ आक्रसताना पडणाऱ्या आठ्या स्नायूंच्या हालचालीमुळे असतात. त्या कातडी सोलून जात नाहीत. त्यासाठीचं बोटॉक्सचं इंजेक्शन स्नायू सैल करतं आणि त्याचा परिणाम साधारण तीन-चार महिने टिकतो. लोंबलेल्या गालांनाही लेझरचा फारसा उपयोग नाही.

कुणी थांबावं?

पुढीलपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. काहींना थोडं थांबावं लागेल, काहींना उपचार टाळावाच लागेल.

- गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल.
- जखमेनंतर कातडी गाठीसारखी फुगून येण्याची खोड असेल. कान टोचल्याची जागा आठवून बघा.
- ओठांवर वारंवार फोड उठत असतील. लेझरनंतर तेच फोड चेहराभर पसरू शकतात. आधीच गोळ्या सुरू कराव्या लागतात.
- मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील किंवा नुकत्याच बंद केल्या असतील.
- कोड किंवा सोरायसिस असेल. इजा झालेल्या जागी नवे चट्टे उठू शकतात.
- साखर ताब्यात नसेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, विडी-सिगारेट सुटत नसेल. धूम्रपानानं जखम उशिरा भरते आणि सुरकुत्याही वाढतात.
- चेहऱ्यावर आत्ता मुरूम, पुरळ, जखम असेल.

सेलूचं कॅलेंडर

उपचाराची तारीख बहुतेक जण लग्नावरून ठरवतात: ‘पुतण्याचं लग्न २५ तारखेला, २० ला जाऊन येते.’ हे करू नका. वरवरच्या पीलनंतरही दोन ते पाच दिवस पापुद्रे निघतात, फ्रॅक्शनल लेझरनंतर पाच-सात दिवस चेहरा खपल्यांचा. डाग उठलेच तर ते जायला महिने लागतात. समारंभाच्या निदान तीन महिने आधी सुरुवात करा, आणि शेवटच्या महिन्यात नवीन काही करू नका.

नोकरदार, दुकानदार, घरात राहणाऱ्यांसाठी दिवाळीनंतर जानेवारीअखेरपर्यंतचा काळ चांगला. घाम कमी, ऊन तिरपं. फेब्रुवारीपासून हात आखडता घ्या. होळी-रंगपंचमीचे रंग ताज्या पीलवर पडू देऊ नका. एप्रिल-मेमध्ये लेझर आणि पील दोन्ही टाळलेलं बरं.

पण दिवाळीनंतरचेच महिने कापूस वेचणीचे असतात. ज्या बाईला सकाळपासून दुपारपर्यंत रानात वाकायचं आहे, तिनं त्या काळात पील करून घेणं म्हणजे पैसे देऊन डाग विकत घेणं. शेतात राबणाऱ्यांसाठी नियम एकच: उपचारानंतर निदान १५ दिवस रानात जावं लागणार नाही अशी सवड असेल तरच करा. पावसाळ्यात आभाळ भरलेलं असलं तरी ‘ए’ किरण येतच असतात, हे विसरू नका. सवड मिळतच नसेल, तर कापड, सनस्क्रीन आणि रात्रीचं मलम यांवर वर्ष काढा. त्यात कमीपणा काहीच नाही. कित्येकदा तोच जास्त शहाणपणाचा उपचार ठरतो.

परतीचा प्रवासही आधी ठरवा. पील करून दुपारच्या गाडीनं खिडकीशी बसून सेलूला येणं बरोबर नाही. सकाळी जाऊन संध्याकाळी उशिराची गाडी धरा, सावलीच्या बाजूला बसा, सुती मऊ ओढणी आणि रुंद काठाची टोपी जवळ ठेवा. स्टेशनवरून घरी मोटारसायकलवर धूळ खात जाण्यापेक्षा त्या दिवशी रिक्षा करा.

डॉक्टर कसा निवडावा?

त्वचारोगातली एमडी, डीएनबी किंवा पदविका असलेला डॉक्टर पहिली पसंती. महाराष्ट्रात एमबीबीएस आणि त्यापुढचे डॉक्टर महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे नोंदलेले असतात. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. कार्यशाळेत बसून किंवा यूट्यूब बघून शिकणं हे सौंदर्य-शस्त्रक्रियांसाठी पुरेसं प्रशिक्षण नाही, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. पार्लरमध्ये फेशियल करा, भुवया कोरा; ताकदीचं पील, सुया आणि लेझर तिथे नकोत.

पहिल्याच भेटीत ‘आजच करून टाकू’ म्हणणाऱ्यापेक्षा तीन आठवडे मलम लावून परत या, असं सांगणारा डॉक्टर बरा. कानामागे किंवा जबड्याच्या कडेला छोट्या जागेवर चाचणी करून चार-सहा आठवडे वाट बघायला तो तयार असावा. खर्च विचारताना एका बैठकीचा विचारू नका. बैठका, मलमं, सनस्क्रीन आणि गाडीभाडं धरून एकूण किती, ते विचारा. सौंदर्यासाठीचे उपचार आरोग्य विम्यात बसत नाहीत, म्हणून सगळा खर्च स्वतःचाच धरा. आणि हा उपचार कायमचा नसतो: ऊन चालू, तर झीजही चालू.

उपचारानंतरचे दिवस

पहिल्या दिवशी चेहरा लाल, जळजळता. गार पाण्याचा कपडा ठेवा, बर्फ थेट नको. सौम्य फेसवॉशनं हलकेच धुवा, टिपून कोरडं करा, डॉक्टरांनी दिलेलं मलम किंवा साधी पेट्रोलियम जेली लावा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पापुद्रे किंवा खपल्या सुटू लागतात. इथेच बहुतेकांचा हात शिवशिवतो. ओढू नका, ओढलेल्या खपलीखाली डाग बसतो. हळद, लिंबू, कोरफडीचा कच्चा गर, वाफ, ब्लीच, थ्रेडिंग आणि चेहरा घासणं दोन आठवडे बंद. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर धडधाकट कातडीवरही काळे व्रण उठतात, ताज्या कातडीची गोष्टच सोडा.

वाढत जाणारी दुखण्याची कळ, पू, ताप किंवा पुंजक्यानं उठलेले फोड दिसले, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी फोन करा.

डबीतलं विष

शेवटी एक इशारा, कारण डॉक्टरकडे जाण्याआधी बहुतेक चेहरे एखाद्या डबीतून जाऊन आलेले असतात. २०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एकाच कुटुंबातल्या तिघींची मूत्रपिंडं बिघडल्याचं समोर आलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात कारणाचा माग काढला, तेव्हा तो गोरेपणाच्या क्रीमपर्यंत पोचला. ब्यूटिशियनकडून घेतलेल्या त्या क्रीममध्ये पारा निघाला. पारा रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा लवकर उजळतो. कातडीतून तो रक्तात जातो आणि मूत्रपिंडाला इजा करतो. उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदतीची तारीख नसलेली डबी घरात ठेवू नका. ‘मर्क्युरी’ किंवा ‘कॅलोमेल’ हे शब्द दिसले तर तिथेच परत करा.

दुसरं विष मेडिकलच्या दुकानातलं. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही स्टेरॉइडं. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी अनेक मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला, तरी ‘गोरं करणारी ट्यूब’ म्हणून ती हातोहात जातात. महिनाभर चेहरा चमकतो. मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, मुरूम आणि लव वाढते, आणि ट्यूब सोडली की चेहरा पेटल्यासारखा होतो. अशी ट्यूब चालू असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. अशा कातडीवर पील किंवा लेझर केलं तर नुकसान दुप्पट. वांगासाठी दिलेलं हायड्रोक्विनोनचं मलमही डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपलीकडे लावू नका. वर्षानुवर्षं लावलं तर निळसर-काळे डाग पडतात, आणि ते सहसा जात नाहीत.

म्हणून डॉक्टरकडे निघताना पिशवीत तीन गोष्टी टाका. आजवर चेहऱ्याला लावलेल्या सगळ्या डब्या आणि ट्यूब, रिकाम्या असल्या तरी. चालू गोळ्यांची चिठ्ठी. आणि सकाळच्या उजेडात, दाराशी उभं राहून, काहीही न लावता काढलेला स्वतःचा एक फोटो. दर महिन्याला त्याच दारात, त्याच वेळी तसाच फोटो काढत जा. तीन महिन्यांनी दोन्ही शेजारी ठेवले, की पुढे मशिनकडे जायचं की नाही, हे ठरवायला दुसऱ्या कुणाचे ‘आधी’ आणि ‘नंतर’ लागणार नाहीत.